वाखाचे पंख

प्रस्तावना

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ मधला, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या जेवणापासून देवळाच्या बांधणीपर्यंत सारे काही आले आहे. मराठी अभ्यासकांना तो जिव्हाळ्याचा वाटतो तो एका नोंदीसाठी: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. या पुस्तकाच्या विषयाला मात्र त्यातले दुसरे दोन भाग जवळचे आहेत. एका भागात चित्राची पूर्वतयारी सांगितली आहे. भिंत गुळगुळीत कशी करावी, म्हशीचे कातडे उकळून वज्रलेप कसा करावा, जाड, मध्यम आणि बारीक कुंचले कसे बांधावेत, हे सारे तिथे येते. दुसऱ्या भागात ससाणे, कोंबडे, लावे आणि पारवे यांची लक्षणे आणि त्यांचे खेळ आहेत. पाखरू निरखून पाहणे आणि चित्रासाठी साहित्य स्वतः घडवणे, ही दोन्ही कामे एकाच गावी, एकाच ग्रंथात नांदत होती.

आज नऊशे वर्षांनी त्याच मुलखात ही दोन कामे पुन्हा एकत्र यावीत, यासाठी हे पुस्तक आहे. विषय साधा आहे: शिवारातल्या झाडाझुडपांच्या तंतूंपासून हाताने कागद करायचा आणि त्या कागदातून माळावरचे, बांधावरचे, विहिरीवरचे पक्षी घडवायचे. बाजारातून रंगीत कागद आणून त्याची चिमणी कापणे ही चांगली करमणूक आहे, पण इथे सांगितलेली कला वेगळी आहे. पक्ष्याचा आकार काढण्याआधी त्याचा कागद आपल्याच रानातून काढावा, कारण कोणता पक्षी कसा होणार हे निम्म्याहून अधिक त्या कागदाचा वाख, म्हणजे तंतूच ठरवतो, असे मला मनापासून वाटते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा आधार हाच विचार आहे, म्हणून तो इथे थोडा उलगडून सांगतो.

या मुलखाला ही रीत नवी नाही. बिदरच्या बिदरी भांड्यांचेच पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तोवर भांडे राखाडीच असते. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तो लेप भांड्यावर चढवतात. त्याने जस्त काळेभोर होते आणि चांदी तशीच लखलखत राहते. तार कुठलीही चालेल, कारागीर कुठेही बसेल, पण तो काळा रंग पिढ्यान्‌पिढ्या या किल्ल्याच्या मातीवरच सोपवलेला आहे. नक्षी माणसाची, रंग भूमीचा, ही बिदरीची शिकवण कागदाला जशीच्या तशी लागू पडते.

दख्खनमध्ये कागद मुरला तो सुलतानी काळात. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली. त्या लोंढ्याबरोबर कागदी कारागीरही आले, अशी परंपरा दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्यात सांगतात. पुढे १३४७ मध्ये गुलबर्ग्यात बहमनी राज्य उभे राहिले, पंधराव्या शतकात राजधानी बिदरला गेली आणि १४७२ मध्ये वजीर महमूद गवानने तिथे आपली मदरसा बांधली. तिच्या ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. इकडे मराठी घरांतही कागदाची गरज वाढत होती. गुरुचरित्रातले गाणगापूर याच गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. छापखाने येईपर्यंत गुरुचरित्राच्या पोथ्या हातानेच उतरवून घेतल्या जात. पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल याच हातकागदाचे. जुन्नर आणि दौलताबाद ही नावे दफ्तरदाराच्या तोंडी असत, कारण शाई न फुटणारा, घोटीव कागद तिथला.

पक्षीही या कागदावर लवकरच उतरले. विजापूर दरबारातले मैनेशी हितगुज करणाऱ्या योगिनीचे चित्र सतराव्या शतकाच्या आरंभीचे असून आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ती उंच योगिनी आणि तिच्या हातावरची ती एवढीशी मैना. चित्राचा सगळा भार त्या दोघींच्या नजरेवर आहे. त्याच दरबारात अब्री, म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलण्याची कला इतकी बहरली, की चित्रकारांनी अब्रीतूनच घोडे आणि माणसे घडवली. कागद ही चित्राची नुसती पाठ नसून तोच चित्राचा देह होऊ शकतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

गिरणीचा कागद आला आणि हातकागदाची ही घरे थंडावली. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदावर नव्याने प्रयोग सुरू झाले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. कागदाचा अमेरिकन अभ्यासक डार्ड हंटर याने याच सुमारास भारतात हिंडून उरलेल्या कागद्यांची कामे पाहिली आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक काढले. मुंबईच्या नीता प्रेमचंद यांनी पुढे देशभरातल्या कागदघरांचा शोध घेऊन १९९५ मध्ये ग्रंथ लिहिला. ही सगळी माणसे आपल्या कामाची पूर्वज आहेत. त्यांनी हे कसब नोंदवून ठेवले नसते, तर आज आपल्याला चाचपडत सुरुवात करावी लागली असती.

आता शिवाराकडे वळू. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत तुरीच्या किंवा जोंधळ्याच्या कडेने अंबाडी लावायची रीत होती. मराठी घरात तिच्या कोवळ्या पाल्याची आंबट भाजी होते, कन्नड घरात तीच पुंडी म्हणून भाकरीबरोबर ताटात येते. पाला खाऊन झाला की झाड वाढू द्यायचे, फुलावर आले की कापायचे, पेंढ्या बांधून ओढ्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात साधारण दोन आठवडे बुडवून ठेवायच्या. साल कुजून सुटली की काडीपासून ओढून, आपटून, धुऊन वाळवायची. हाताला येतो तो रुपेरी-पिवळसर वाख. पिवळ्या फुलांचा ताग लोक आता हिरवळीचे खत म्हणून फुलोऱ्यात गाडून टाकतात, पण त्याचा वाख अंबाडीपेक्षा मऊ आणि चिवट. जुन्या कागद्यांचा लगदा बहुतेक तागाच्या झिजलेल्या दोरांचा आणि गोणपाटांचाच असे. बांधावरच्या घायपाताच्या पानांतून ताठ, पांढरे तंतू निघतात. ओढ्याकाठच्या शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या आणि चटया होतात. पळसाच्या मुळ्या ठेचून भिंतीला चुना द्यायचे कुंचले होतात.

या तंतूंचे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांच्या बोटांत जास्त आहे. दोर वळण्याचे आणि केरसुण्या बांधण्याचे काम मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. वाख किती भिजला की पिळाला येतो, कोणता सोलून वेगळा करायचा, कोणता तुटणार, हे त्यांना स्पर्शाने कळते. प्लास्टिकचा दोर आला, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, तसे कासरे, दावी आणि चऱ्हाटे यांची मागणीही सरली, आणि मागणी सरली तशी अंबाडी बांधावरून उठली. कागदी पक्ष्यांची कला इथे रुजायची असेल, तर पहिले गुरू म्हणून या दोर वळणाऱ्यांना मानाने बोलवावे लागेल आणि त्यांच्या कसबाचे मोल त्यांच्या हातात द्यावे लागेल.

दुसरे गुरू पक्षीच आहेत. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लटकलेले सुगरणीचे खोपे या भागात कोणी पाहिले नाहीत? बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो खोपा प्रत्येक मराठी मुलाच्या ओळखीचा झाला. तो विणतो मात्र नर. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. नर खोपा अर्धवट विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर तिथे राहते, आणि नर दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी मांडले. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, कड धरून उडायचे, की वीस ते साठ सेंटिमीटरची लांब पट्टी फाटून येते. एका खोप्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत खेपा होतात. काम साधारण अठरा दिवस चालते, त्यातले आठ दिवस नुसत्या शिरस्त्राणासारख्या अर्ध्या अवस्थेपर्यंत पोचण्यात जातात. हिरवे पाते ओले असतानाच विणायचे, वाळले की गाठ आपोआप आवळते. शिंपी पक्षी पानाच्या कडांना भोके पाडून कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्यांनी शिवण घालतो. ओला तंतू वाकतो, सुकताना आवळतो आणि दिलेला आकार धरून ठेवतो. हाच नियम कागदी पक्षी करणाऱ्याच्या रोजच्या कामाचा आहे.

सालिम अलींचे नाव या दोन जिल्ह्यांशी आणखी एका धाग्याने जोडलेले आहे. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे हद्दी पडल्या. उदगीर, निलंगा मराठी मुलखात आले, बिदर, भालकी कन्नड मुलखात गेले. चंडोल, टिटवी, माळावर झुलत उडणारा भोवत्या आणि तुरतुर धावणारा धाविक यांना मात्र तो माळ अजून एकच आहे.

आता एक कागद जवळून पाहू. अंबाडीचा वाळका वाख बोटभर लांबीचा कापून रात्रभर भिजत घालायचा. चुन्याच्या निवळीत किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो काही तास उकळला की तंतूंना धरून ठेवणारा चिकट भाग सुटतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे. मग दगडावर लाकडी मोगरीने कुटायचे, आणि इथेच सगळे ठरते. थोडे कुटले तर तंतू लांब राहतात आणि कागद सच्छिद्र, केसाळ, हलका होतो. खूप कुटले तर तंतू फुटून त्यांची बारीक झालर होते, ते एकमेकांत घट्ट गुंततात, आणि असा कागद सुकताना जोरात आवळतो. लगदा हौदातल्या पाण्यात सोडून ढवळायचा. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची पातळ चटई पसरून ती हौदात तिरकी बुडवायची आणि आडवी वर उचलायची. पाणी गळत असताना एकदा उभे, एकदा आडवे हलके हलवायचे, म्हणजे तंतू दोन्ही दिशांनी बसतात. चटई उलटी करून ओला ताव कापडावर उतरवायचा. असे ताव एकावर एक रचून दाबायचे, मग भिंतीला चिकटवून वाळवायचे. लिहायचा कागद असेल तर खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचा. पंखासाठी हवा असेल तर खळ नको, घोटणेही नको.

पंखासाठीचा कागद कात्रीने कापू नये. पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने पिसाची रेघ ओढावी, क्षणभर थांबावे आणि कागद त्या रेघेवर हलकेच ओढून फाडावा. लांब तंतू तुटत नाहीत, निसटून बाहेर येतात, आणि कडेला मऊ झालर राहते. पिसाची कड नेमकी तशीच असते. आखूड तंतूचा, चिंध्यांचा किंवा रद्दीचा कागद असा फाटत नाही, पण त्याचा लगदा साच्यात दाबायला उत्तम. म्हणून जाडजूड, डोके मानेत रुतवून बसलेला पिंगळा चिंध्यांच्या लगद्यातून घडवावा आणि भोवत्याचे लांब, राखी-पांढरे पंख तागाच्या पातळ कागदातून. चंडोलाचा भुरकट रंग न उजळवलेल्या अंबाडीत आपसूकच असतो, त्याला वेगळा रंग लागत नाही. धाविकाच्या काटकुळ्या पायांना घायपाताचे ताठ तंतू चालतात. बांबूच्या बारीक कामट्यांचा सांगाडा करून त्यावर खूप कुटलेल्या वाखाचा ओला कागद ताणला, तर तो सुकताना आवळतो आणि पंखाला हवेचा बाक देतो. तो बाक हाताने देऊ पाहिला तर कधीच तितका जिवंत उतरत नाही.

रंगांतही शिवाराचीच साथ घ्यावी. पळसाच्या फुलांचा नारिंगी-पिवळा, कातेचा तांबूस, बाभळीच्या सालीच्या काढ्यात लोखंड मुरवून केलेला काळसर आणि निळीचा निळा. हळद सुंदर दिसते पण उन्हात लवकर उडते, म्हणून उजेडात ठेवायच्या कामात ती टाळावी. खळीमुळे कसर लागते. पुस्तकबांधणी करणारे जुने लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालत, ती काळजी इथेही घ्यावी, मात्र मोरचूद विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नये.

या वाटेवर चालताना मोठ्या कलावंतांची सोबत आहे. मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी वाखाचे दोर रंगवून, त्यांना गाठींवर गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली. त्यांतल्या १९८५ च्या एका शिल्पाचे नाव ‘पक्षी’ आहे. सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात पांढऱ्या लगद्यातून ‘जखमा’ नावाची चित्रमालिका केली. रंग नाही, रेघ नाही, फक्त लगद्यावर उमटलेले चरे. जपानमध्ये कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून होणाऱ्या वाशी कागदाचे कसब २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आले. आपल्याकडे अनिल अवचटांनी घडीच्या कागदातून किती मुलांच्या हातात पाखरे दिली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या ओरिगामीत घडी बोलते, या पुस्तकातल्या कामात तंतू बोलतो. पण एक साधा कागद मुलाला तासन्‌तास एका जागी, एकाग्र बसवू शकतो, हा त्यांचा अनुभव दोन्हींकडे सारखाच खरा आहे.

कौशल्य कितीही आले तरी पक्षी पाहिल्याशिवाय तो घडत नाही. टिटवी अंड्यांपासून माणसाला दूर नेताना कशी ओरडत घिरट्या घालते, चंडोल गाताना किती उंच जातो आणि उतरताना पंख कसे मिटतो, हे माळावर उभे राहूनच कळते. सोलापूरला जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचून मराठीला पक्ष्यांच्या नावांची संपत्ती दिली. तो कोश जवळ ठेवावा आणि मग रानात जावे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरीही तो पक्षी आज तिथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज त्याला भोवला. बांधावरची अंबाडी उठली आणि माळावरचा पक्षी उठला, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच दुर्लक्ष आहे. जे विकले जात नाही ते निरुपयोगी, असे आपण मानत आलो.

म्हणून या कलेकडून माझी एक स्पष्ट अपेक्षा आहे, आणि ती दसऱ्याशी जोडलेली आहे. दसऱ्याला नीलकंठ दिसणे शुभ, ही श्रद्धा या सगळ्या पट्ट्यात आहे. नीलकंठ कर्नाटकाचा राज्यपक्षी, बिदरला लागून असलेल्या तेलंगणाचाही तोच. पण त्याच श्रद्धेपोटी काही ठिकाणी हा पक्षी पकडून, पंख बांधून किंवा चिकटवून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि त्या हालांनंतर बरेच पक्षी जगत नाहीत. याच दिवसांत, खरिपाच्या अखेरीला, अंबाडी फुलावर येते आणि निळीने वाख उत्तम रंगतो. नीलकंठाच्या पिसातला निळा हा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेवर पडलेल्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे त्याची हुबेहूब नक्कल कोणालाच साधणार नाही, साधायची गरजही नाही. बसलेला नीलकंठ तपकिरी, साधा दिसतो. पंख उघडले की निळाईचे दोन पट्टे झळकतात. न उजळवलेल्या अंबाडीचे अंग आणि निळीत बुडवलेल्या तागाचे पंख, एवढ्यात तो ओळखू येतो.

औराद-भालकीच्या मराठी शाळा असोत, आळंदच्या कन्नड शाळा असोत की बिदरच्या उर्दू शाळा, मुलांनी श्रावणात बांधावर अंबाडी वाढताना पाहावी, दोर वळणाऱ्या आजोबांकडून वाख काढायला शिकावे, कागद करावा आणि दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर आपल्या हातचा कागदी नीलकंठ घरोघर दाखवावा. खरा नीलकंठ विजेच्या तारेवर बसलेला दिसला तर लांबूनच हात जोडावेत. असे काही गावांत जरी घडले, तरी अंबाडीला पुन्हा गिऱ्हाईक मिळेल, दोर वळणाऱ्याच्या हाताला काम मिळेल आणि पिंजरे घेऊन येणाऱ्याला दाराशी कोणी उभे करणार नाही. पुढच्या प्रकरणांतली प्रत्येक कृती, प्रत्येक माप आणि प्रत्येक साचा त्या कामाला उपयोगी पडावा, अशाच हेतूने दिला आहे. वाचकांनी पुस्तक नुसते वाचून बाजूला ठेवू नये. येत्या पावसाळ्यात बांधावर अंबाडीच्या दोन ओळी पेराव्यात आणि तिथूनच सुरुवात करावी.